कर्ब वरनं मोजणार असाल तर चुकीचा भुर्दंड कुणी सोसायचा?

कार्बन क्रेडिटचा, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड साठवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचा, विषय निघाला की आपल्याकडं सध्या दोनच सूर ऐकू येतात. पहिला सूर असा, की आता माती परीक्षणाची कटकट संपली, वरनं उपग्रह फिरतोय, त्याला एआय जोडलाय, मोबाईलवर गट नंबर टाकला की रानात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातनं मातीत आलेला कार्बन) किती ते कळतंय आणि कर्ब वाढला की पैसे थेट खात्यावर. दुसरा सूर असा, की पावणेआठशे-आठशे किलोमीटरवरनं मातीच्या पोटातलं काय दिसणार, ही सगळी नवी फसवाफसवी आहे, असल्या नादाला लागू नका. दोन्ही बाजूची माणसं तावातावानं भांडतात आणि मला दोघांचं ऐकून वाईट वाटतं, कारण भांडण "उपग्रह खरा का खोटा" यावर चाललंय आणि तो मुद्दाच नाहीय. मुद्दा असा आहे की येणारा आकडा किती चुकतो, कुठं चुकतो, आणि चुकला तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तालुक्याचा, जिल्ह्याचा कर्ब किती आहे याचा अंदाज घ्यायला, मातीचे नमुने नेमके कुठं घ्यायचे ते ठरवायला आणि रानात पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळलं का ठेवलं हे बघायला उपग्रह वापरलाच पाहिजे, न वापरणं हे नुकसान आहे. पण एखाद्या शेतकऱ्याच्या दोन एकराचा कर्ब वरनं काढून त्या आकड्यावर त्याचे पैसे ठरवायला तो वापरू नये, निदान कोल्हापूरच्या मातीत आणि कोल्हापूरच्या उसात तर नाहीच नाही.

हे मत का ते सांगायच्या आधी हे काम चालतं कसं ते थोडक्यात बघू, कारण निम्मा गोंधळ इथंच आहे. मातीवर ऊन पडतं, त्यातला काही प्रकाश माती शोषते आणि काही परत फेकते. कर्ब जास्त असला की माती साधारणपणे जास्त प्रकाश शोषते, गडद दिसते, आणि आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड पट्ट्यातसुद्धा तिची परतफेक बदलते. प्रयोगशाळेत वाळवून, चाळून घेतलेली माती स्पेक्ट्रोमीटरखाली, म्हणजे परत आलेला प्रकाश पट्ट्यापट्ट्यानं मोजणाऱ्या यंत्राखाली, ठेवली तर 400 ते 2500 नॅनोमीटरच्या पट्ट्यातनं कर्बाचा अंदाज बऱ्यापैकी चांगला येतो, हे शास्त्र पक्कं आहे. युरोपचा सेंटिनेल-2 हेच काम वरनं करतो, 13 पट्ट्यांमध्ये. पहिला 2015 ला सोडला, दुसरा 2017 ला, पहिल्याची जागा आता 2024 ला सोडलेल्या तिसऱ्यानं घेतलीय, दोघं मिळून दर पाच दिवसांनी त्याच रानावरनं जातात आणि त्यांचा डेटा कुणालाही फुकट मिळतो. पण उपग्रह कर्ब मोजत नाही, तो प्रकाश मोजतो. जमिनीवरनं घेतलेल्या नमुन्यांचा कर्ब आणि त्याच जागेचा प्रकाश यांच्या जोड्या लावून मॉडेल शिकवलं जातं, आणि मग जिथं नमुना घेतलेलाच नाही तिथला कर्ब ते मॉडेल सांगतं. मग ज्या भागातले नमुनेच मॉडेलनं पाहिलेले नाहीत, त्या भागातला आकडा ते कशाच्या जोरावर सांगणार?

उपग्रहवाल्यांची बाजू मात्र हलकी नाही आणि ती हलकी म्हणून उडवूनही देऊ नये. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की तुमचं माती परीक्षण तरी कुठं धड चाललंय? खरं आहे. नमुना घ्यायची पद्धत चांगली आहे, कुठल्याही कृषी सहायकाला विचारा तो तोंडपाठ सांगेल. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा जागी वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, खुरप्यानं व्ही आकाराचा पंधरा सेंटीमीटर खोल खड्डा घ्यायचा, खड्ड्याची एक बाजू वरपासनं खालपर्यंत सारख्या जाडीनं तासून ती माती घमेल्यात टाकायची, मग सगळी माती पोत्यावर पसरून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, उरलेली परत मिसळायची, परत चार भाग, असं अर्धा किलो राहीपर्यंत. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. एवढं सगळं मन लावून करायला एका रानाला तासभर सहज जातो, आणि म्हणूनच ते बऱ्याच ठिकाणी होत नाही, रस्त्याकडंच्या बांधावरनं पिशवी भरली अशी तक्रार गावोगाव ऐकायला मिळते. 2015 ला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली, त्यात 12 घटक तपासायचे ठरले ते चांगलंच झालं, पण नमुना बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकराच्या आसपास. एवढ्यात आपल्याकडं आठ-दहा जणांची रानं येतात, एकानं दरवर्षी मळी आणि शेणखत टाकलेलं असतं, शेजारच्यानं वर्षानुवर्षं नुसता युरिया ओतलेला असतो, आणि पत्रिका दोघांची एकच. लॅबमधली वॉकली-ब्लॅक पद्धतसुद्धा 1934 ची आहे, तिला मातीतला सगळा कर्ब सापडत नाही, साधारण तीन चतुर्थांश सापडतो आणि राहिलेला 1.3 च्या आसपासच्या गुणकानं गुणून धरला जातो, आता तो गुणक प्रत्येक मातीला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. म्हणजे "लॅब खरी आणि उपग्रह खोटा" एवढ्या सोप्या भाषेत बोलायची सोय कुणालाच नाही.

हे सगळं मान्य करून पुढं जाऊया, कारण जमिनीवरचं मोजमाप ढिलं आहे म्हणून वरचं मोजमाप आपोआप पक्कं होत नाही. उलट वरचं मॉडेल खालच्याच नमुन्यांवर शिकतं, म्हणजे बांधावरच्या मातीची चूक सुद्धा ते मनापासनं शिकून घेतं.

आता आपल्या रानाचा आकार बघा. सेंटिनेलचा सगळ्यात बारीक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. ऐकायला छान वाटतं, गुंठ्यागुंठ्याचा हिशोब मिळणार. पण कर्बाच्या अंदाजाला ज्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड पट्ट्यांचा मोठा आधार असतो ते पट्टे वीस मीटरचे आहेत, म्हणजे चार गुंठे, आणि अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह घेतला तर तीस मीटर, म्हणजे नऊ गुंठे. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर आहे, आणि तीसुद्धा एका जागी नसते, भावाभावांत वाटण्या होऊन लांबच लांब पट्ट्या पडलेल्या असतात. पंधरा मीटर रुंदीच्या पट्टीत वीस मीटरचा चौकोन बसणार कसा? त्या चौकोनात तुमचं रान, मधला बांध, बांधावरची नारळाची दोन झाडं आणि चुलत भावाचं खोडव्याचं (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेल्या पिकाचं) रान हे सगळं एकत्र येतं आणि त्याचा एकच आकडा निघतो.

आकाराचं एक वेळ बाजूला ठेवू, त्यापेक्षा मोठी अडचण रंगाची आहे आणि ती खास आपली आहे. कर्ब वाढला की माती गडद होते हा नियम एकाच जातीच्या मातीत चालतो. आपल्या जिल्ह्यात किती जातीची माती आहे? शिरोळ, हातकणंगल्याकडं नदीकाठची खोल काळी, मधल्या पट्ट्यात करवीर, कागलला मध्यम काळी आणि तपकिरी, आणि पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडं तांबडी जांभ्याची. पश्चिमेला पाऊस शिरोळच्या कैक पट, झाडोरा जास्त, नांगरट कमी, त्यामुळं तिकडच्या तांबड्या मातीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा काळ्या मातीपेक्षा जास्त भरतो. आणि आपली काळीभोर माती, जिच्याकडं बघून कुणालाही वाटावं की ही सोन्यासारखी, तिचा कर्ब कितीतरी ठिकाणी अर्धा-पाऊण टक्क्यावर अडकलेला असतो. कारण तिचा काळेपणा येतो तो बेसाल्टपासनं झालेल्या खनिजांमुळं आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशाच ह्युमसमुळं (कुजून झालेल्या सेंद्रिय भागामुळं). भरीस भर म्हणजे काळ्या मातीत चुनखडी असते, म्हणजे तिथं कर्ब आहे पण तो सेंद्रिय नाही, पिकाच्या कामाचा नाही आणि क्रेडिटच्याही कामाचा नाही. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या मातीवर शिकलेलं मॉडेल इथं आणून बसवलं तर काळं म्हणजे कर्बवान आणि तांबडं म्हणजे कर्बहीन असा उलटा निकाल द्यायची पुरती शक्यता आहे. भुदरगडच्या डोंगरातल्या नाचणीवाल्या शेतकऱ्याला कमी आणि नदीकाठच्या रासायनिक खतावर चाललेल्या रानाला जास्त, असं झालं तर ते कुणाला न्याय्य वाटेल?

शिरोळ तालुक्यात तर अजून एक गुंता आहे. क्षारपड रानावर उन्हाळ्यात पांढरा थर येतो, त्यावरनं प्रकाश जोरात परत जातो, आणि त्याच रानात पाणी साचलं की तीच माती काळी दिसते. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन जमिनीखालनं पाइप टाकून निचरा करायचं जे काम उभं केलंय, त्यानं अशी बरीच रानं परत पिकाखाली आली. आता निचरा झाल्यावर तो पांढरा थर जातो, रानाचा रंग बदलतो. हा बदल मॉडेल कर्बाच्या खात्यावर मांडणार नाही कशावरनं? काल पाणी पाजलेलं रान आणि आठ दिवस तापलेलं रान यांच्यातसुद्धा रंगाचा एवढा फरक पडतो की कर्बातला फरक त्यात बुडून जातो.

आणि मुळात आपली माती उपग्रहाला दिसते किती दिवस? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणीच बोलत नाही. कर्बाचं मॉडेल चालतं ते उघड्या मातीवर, पिकानं झाकलेल्या मातीवर नाही. उपग्रहाला दिसतो तो वरचा काही मिलिमीटरचा पापुद्रा, त्याच्या खालचं सगळं अंदाजानं. आपल्याकडं आडसाली लागण जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, तुटला की खोडवा, खोडव्यानंतर कुणी निडवाही धरतो. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, त्यात साधा कॅमेरा आंधळा, रडारचा उपग्रह ढगातनं बघतो पण त्याला कर्ब कळत नाही. म्हणजे खोडवा मोडून नांगरट केली आणि परत सरी सोडली, त्या मधल्या काही आठवड्यातच माती खऱ्या अर्थानं उघडी, आणि ते आठवडे तीन-तीन वर्षांनी येतात.

त्यातनं निघणारी गोष्ट तर मला अस्वस्थ करते. ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडतं. त्यात नत्र आहे, पालाश आहे, आणि कर्ब तर आहेच आहे. जो शेतकरी ते पाचट सरीत दाबतो, त्याची कुट्टी करतो, वर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून ते कुजवतो, तो खरा कर्ब वाढवणारा. त्याचं रान वरनं कसं दिसतं? वाळलेल्या पाचटानं झाकलेलं, पिवळसर, मग हिरवं. उघडी माती शोधणारं गणित त्याचं रान "इथं माती दिसत नाही" म्हणून गाळून टाकतं. आणि जो संध्याकाळी काडी लावून मोकळा होतो त्याचं रान? दुसऱ्या दिवशी काळंकुट्ट, राख आणि कोळशाचा थर, डोळ्याला आणि कॅमेऱ्याला सुद्धा गडद. गडद म्हणजे कर्ब जास्त असं शिकलेल्या गणिताला ते रान श्रीमंत वाटलं तर दोष कुणाला द्यायचा? काळजीनं काम करणारे लोक जळलेले दिवस ओळखून बाजूला काढतात हे मला माहीत आहे, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण बाजूला काढलं की त्या रानाचा स्वतःचा आकडा उरत नाही, मग तो आजूबाजूच्या रानांवरनं भरून काढला जातो, आणि आजूबाजूला सगळ्यांनी जाळलं असेल तर एकट्या पाचटवाल्याच्या कष्टाची नोंद कुठंच होत नाही. ज्यासाठी ही सगळी योजना, तोच माणूस योजनेला दिसत नाही.

आता थोडा हिशोब मांडू. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटीमीटरमध्ये साधारण 800 टन माती असते. त्यात कर्ब 0.1 टक्का वाढला म्हणजे 800 किलो कर्ब वाढला, त्याला 3.67 नं गुणलं की सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकरी तीन क्रेडिट. ऐकायला सोपं, पण 0.1 टक्का वाढायला वेळ किती लागतो? 2015 ला पॅरिसच्या हवामान परिषदेत "हजारी चार" ची कल्पना मांडली, म्हणजे मातीत आज जेवढा कर्ब आहे त्याच्या हजारात चार भाग एवढी वाढ दरवर्षी व्हावी, आणि तेवढंसुद्धा जगाला अवघड जातंय. आपल्या 0.5 टक्के कर्बाच्या रानाला हा हिशोब लावला तर वाढ येते वर्षाला 0.002 टक्का. मनापासनं शेणखत, ताग, पाचट सगळं करणारा शेतकरी याच्या कितीतरी पुढं जाईल, समजा पाचपट गेला, तरी वर्षाला 0.01 टक्का. आणि वरनं काढलेल्या आकड्याची चूक? उदार मनानं 0.1 टक्का धरली तरी ती दहा वर्षांच्या मेहनतीएवढी झाली. म्हणजे शेतकऱ्यानं काहीही न करता त्याच्या नावावर तीन क्रेडिट पडू शकतात आणि दहा वर्षं राबणाऱ्याच्या नावावर शून्य पडू शकतं, आणि दोन्ही वेळी मॉडेल त्याच्या हिशोबानं ठीकच चाललेलं असेल. शिवाय कर्ब टक्क्यात सांगून भागत नाही, टनात सांगायला मातीची घनता लागते. ओल्या रानात उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली फिरून माती किती दबली ते कुठला उपग्रह सांगणार?

यावर जाणकार लोक एक उत्तर देतात आणि ते उत्तर चांगलं आहे. ते म्हणतात, एका रानाची चूक मोठी असेल पण दहा हजार एकर एकत्र घेतले की कुणाचं जास्त, कुणाचं कमी, चुका एकमेकीला मारतात आणि सरासरी बरोबर येते. मान्य, म्हणूनच तालुका पातळीला माझी हरकत नाही. पण चुका एकमेकीला मारतात त्या दोन्ही बाजूला सारख्या विखुरलेल्या असतील तरच. काळ्या मातीला मुळातच जास्त धरणारं गणित दहा हजार एकरावर चालवलं तर ती चूक मरणार नाही, दहा हजारपट होईल. आणि दुसरं, सरासरी बरोबर आली तरी पैसे सरासरीच्या खात्यावर जात नाहीत, माणसाच्या खात्यावर जातात. एकजण फुकट घेऊन गेला आणि एकजण नाडला गेला, दोघांची सरासरी बरोबर आली, हे नाडलेल्या माणसाला समजावून सांगायला कोण जाणार?

दुसरं उत्तर असतं की नवीन सेन्सर येतायत. येतायत, इटलीचा प्रिझ्मा 2019 ला गेला, जर्मनीचा एनमॅप 2022 ला, आपल्या इस्रोनंसुद्धा 2018 ला हायसिस सोडला, हे दहा-बारा पट्ट्यांच्या जागी शेकड्यानं पट्टे बघतात, त्यानं चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब वेगळा ओळखायला नक्की मदत होईल. पण पट्टे कितीही वाढवले तरी उभ्या उसाखालची माती दिसणार नाही आणि पापुद्र्याखालचं दिसणार नाही.

वरच्या गणितानं जमिनीची किंमत ठरवायला ही कंपन्यांची मंडळी निघालीत ते या मातीत नवीन नाही. 1820 च्या दशकात पेशवाई गेल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या साहेबानं दख्खनच्या जमिनीची मोजणी आणि आकारणी केली. त्याची पद्धत त्या काळातली सगळ्यात आधुनिक, अर्थशास्त्राच्या ताज्या सिद्धांतावर बेतलेली. प्रत्येक जातीच्या जमिनीचं ढोबळ उत्पन्न काढायचं, त्यातनं खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. कागदावर यात काही खोट नव्हती. पण खालनं आलेले आकडे कच्चे, तपासणी ढिली, आणि त्या कच्च्या आकड्यांवर बारीक गणिताचा इमला चढवलेला. परिणाम काय झाला, आकारणी डोईजड झाली, लोकांनी रानं टाकून दिली, गावं ओस पडायला लागली, आणि काही वर्षातच सगळं गुंडाळून 1835-36 ला इंदापुरापासनं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. त्यांनी काय केलं? सिद्धांत बाजूला ठेवला आणि रानात माणूस पाठवला. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून माती किती हात खोल ते बघायचं, रंग आणि पोत बघायचा, चुनखडी, वाळू, उतार असले दोष नोंदवायचे, आणि त्यावरनं सोळा आण्यापासनं दोन आण्यापर्यंत नऊ प्रती लावायच्या. वरचा अधिकारी त्यातल्या काही शेतांची फेरतपासणी करायचा. ही पद्धतसुद्धा साऱ्यासाठीच होती, पुढं फेरआकारणीत सारा वाढवल्यावर 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासनं शेतकऱ्यांचा जो उठाव पेटला त्याच्या मुळाशी कर्जाबरोबर हा साराही होता, त्यामुळं विंगेटला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण मोजणीपुरतं बोलायचं तर रंगाच्या जोडीला खोली खणून बघितल्याशिवाय जमिनीची प्रत ठरत नाही हे त्या लोकांना पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

आपल्या जिल्ह्याला तर मोजमापाचं राजकारण शिकवायची गरजच नाही. उसाच्या वजनकाट्यावरनं इथं किती आंदोलनं झाली? शेतकऱ्याचा आक्षेप नुसत्या काट्याच्या यंत्रावर नव्हता, माल घेणाराच माप घेतो यावर होता. साखर उताऱ्याचं (उसातनं किती टक्के साखर निघते त्याचं) तसंच, एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला धरून ठरते, 2025-26 ला क्विंटलला 355 रुपये, आणि त्याच्या वर दर दशांशाला वाढीव पैसे. पण उतारा काढणारा कारखाना, आणि शेतकऱ्याला तो तपासायची सोय नाही. तरी काट्याला निदान वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, भरारी पथक येऊ शकतं, शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करून आणता येतं. कर्बाच्या आकड्याला यातलं काय आहे? मॉडेल कंपनीचं, ते शिकवलं कशावर ते गुपित, आणि क्रेडिट विकणारी पण तीच किंवा तिचीच भागीदार. "आमचं मॉडेल नव्वद टक्के अचूक" असं सांगितलं तर ते तपासलं कुठं हे विचारा. शिरोळचे नमुने शिकवायला आणि शिरोळच्याच शेजारच्या रानातले नमुने तपासायला, असं केलं तर कुठलंही मॉडेल हुशार दिसतं. त्याला आजऱ्यात नेऊन तपासा, चंदगडला नेऊन तपासा.

आता जे म्हणतात सगळंच थोतांड, त्यांनाही दोन शब्द. 2019 च्या महापुरात पाणी कुठपर्यंत आलं ते आभाळ भरलेलं असताना रडारच्या उपग्रहांनीच दाखवलं. उसाचं क्षेत्र किती, कुठला फड तुटला, कुठलं रान पेटवलं, हे वरनं चांगलं कळतं आणि वर्षागणिक अधिक चांगलं कळत जाणार. लँडसॅटचा साठा 1972 पासनचा आहे, एखाद्या शिवारात पन्नास वर्षात पीक कसं बदलत गेलं ते त्यात बघता येतं, असा पुरावा दुसरीकडं कुठं मिळणार? आणि युरोपात मातीच्या कर्बाचे नकाशे बरे निघतात ते उपग्रह भारी आहे म्हणून नाही, 2009 ला त्यांनी लुकास नावाच्या पाहणीत एकाच पद्धतीनं सुमारे वीस हजार ठिकाणची माती गोळा केली, एकाच लॅबमध्ये तपासली, पुढं ती पाहणी परत परत केली आणि डेटा संशोधकांना खुला केला म्हणून. उपग्रहाला नावं ठेवून हे नमुने आपल्याकडं गोळा होणार आहेत का?

मग शेतकऱ्याला पैसे द्यायचेच नाहीत का, मोजणी परवडत नाही म्हणून? द्यायचे, आणि लवकर द्यायचे. पण पैसे कामाला द्या. पाचट जाळलं नाही, एवढे पैसे. लागणीआधी ताग किंवा धैंचा करून गाडला, एवढे पैसे. या गोष्टी उपग्रहाला दिसतात, आणि नाही दिसल्या तर गावातल्या चार माणसांना दिसतात, त्यात 0.1 टक्क्याचा वाद येत नाही. कर्ब किती वाढला त्याचा हिशोब शे-दोनशे शेतकऱ्यांच्या गटाचा मिळून ठेवा, पाच वर्षांनी, प्रत्यक्ष खोदून, तीस सेंटीमीटरपर्यंत, घनतेसकट. वाढ कमी निघाली तर तो धोका क्रेडिट विकणाऱ्यानं घ्यावा, तोच नफाही घेणार आहे. यावर कुणी म्हणेल की मग आधीपासनं पाचट ठेवणाऱ्याला काय, त्याचं तर नवीन काही नाही, बाजाराच्या नियमात तो बसत नाही. तो आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर बाजाराकडं नाही, ते सरकारनं आणि कारखान्यांनी द्यायला पाहिजे, टनामागं थोडी रक्कम पाचट ठेवणाऱ्याला देणं कारखान्याला अशक्य आहे असं मला वाटत नाही, गट ऑफिसची माणसं तोडणीच्या वेळी फडात असतातच.

आणि कंपन्यांना त्यांच्या मॉडेलवर एवढाच भरवसा असेल तर एक उघड परीक्षा घेऊ. गगनबावड्यापासनं शिरोळपर्यंत, जांभ्यापासनं काळ्या मातीपर्यंत, एक पट्टा ठरवायचा. एप्रिल-मे मध्ये सोयाबीन-भुईमुगाची रानं मोकळी असतात आणि मोडलेल्या खोडव्याची पण, तेव्हा त्या पट्ट्यात प्रत्येक जातीच्या मातीत पुरेसे नमुने घ्यायचे, पाचट ठेवलेली आणि जाळलेली दोन्ही रानं त्यात पाहिजेत. नमुने कृषी महाविद्यालयानं आणि शिवाजी विद्यापीठानं मिळून घ्यावेत, प्रत्येक नमुन्याचा निम्मा भाग सीलबंद करून ग्रामपंचायतीत ठेवावा म्हणजे वाद झाला तर परत तपासता येईल. लॅबचा निकाल फोडायच्या आधी प्रत्येक कंपनीनं त्या रानांचे आपले आकडे, चुकीच्या अंदाजासकट, लिहून द्यायचे. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावून गावात चावडीवर आणि नेटवर, दोन्हीकडं, सगळ्यांना बघायला ठेवायचे. ज्या कंपनीचा आकडा शिरोळात पण बसतो आणि गगनबावड्यात पण बसतो तिला शेतकऱ्यांपुढं करार घेऊन यायला मी स्वतः सांगेन, आणि तोपर्यंत ज्या करारात चूक किती आणि ती कुणी भरायची हे लिहिलेलं नाही त्यावर कुणी सही करू नये.